इंजिन असलीच होते

माझा खालाजाद भाऊ गेली बारा-तेरा वर्षे शारजात एका गॅरेजमध्ये काम करतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान वाड्यांमध्ये असा एखादा भाऊ, मेहुणा किंवा चुलता घरटी सापडतोच, म्हणून त्याची जास्त ओळख करून देत नाही. मागच्या रमजानात तो सुट्टीवर आला होता. एका रात्री तरावीहनंतर आम्ही पडवीत बसलो असता त्याने मला विचारले, "भाई, तुम्ही मास्तर आहात, किताबा वाचता. एक सांगा. गाडीचं इंजिन असलीच आहे. कुणी विचारलं, इंजिन असली आहे का, आणि आपण हो म्हटलं, तर ते झूठ होतं का?"

मी हसून म्हणालो, "असली असेल तर झूठ कसलं?"

तो हसला नाही. मग त्याने सगळी हकिकत सांगितली.

त्यांच्या गॅरेजात एका मालकाने 1970 च्या दशकातली टोयोटा लँड क्रूझर आणली होती. चाळीस नंबरच्या मालिकेतली, चौकोनी तोंडाची. तिचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, 4.2 लिटरचे, ताकद सुमारे 135 अश्वशक्ती. ते दणकट होते पण सुस्त. मालकाला वाळूचे डोंगर चढायचे होते. त्याने टोयोटाचेच दुसरे सहा सिलिंडरचे इंजिन मिळवले, 3 लिटरचे, दोन टर्बो असलेले. सुप्रा नावाच्या गाडीमुळे प्रसिद्ध झालेले हे इंजिन 1991 पासून 2002 पर्यंत निघत होते आणि निर्यातीच्या गाड्यांत सुमारे 320 अश्वशक्ती देत असे. टर्बोचे काम सांगायला सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. जो धूर वाया जाणार होता तोच कामाला लागतो. मला ही कल्पना फार आवडली. वर्गात सांगितली तेव्हा मुलांनाही आवडली.

पण इंजिन बदलणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे. भावाने बोटांवर मोजून सांगितले. जुने फाउंडेशन जुळत नाही म्हणून ते कापायचे आणि चॅसीवर नवे वेल्डिंग करून बसवायचे. नवे इंजिन लांबीला बसत नाही म्हणून ड्रायव्हरच्या पुढचा पत्रा ठोकून आत घ्यायचा. गिअरबॉक्स वेगळा, म्हणून प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा. रेडिएटर मोठा. या इंजिनाला मेंदू म्हणून इलेक्ट्रॉनिक पेटी लागते, म्हणून सगळे वायरिंग नवे. आणि एवढी ताकद आल्यावर जुने ब्रेक कसे पुरणार? तेही बदलायचे. एक गोष्ट बदलली की तिच्यामागे दहा गोष्टी हात पसरून उभ्या राहतात.

इथपर्यंत यात काही वाईट नाही असे माझे मत आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन याला गुनाह समजतात, मी समजत नाही. वस्तू ज्याची, शौक त्याचा.

दोन वर्षे गाडी वाळूत पळाली. मग मालकाच्या लक्षात आले की हात न लागलेल्या जुन्या लँड क्रूझरला बाजारात चांगली किंमत येते. जुने इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले होतेच. हुकूम झाला की ते परत बसवा. भावाने टर्बो इंजिन उतरवले, वेल्डिंगचे तुकडे कापले, ग्राइंडर मारला, पत्रा ठोकून सरळ केला, जुने इंजिन बसवले. स्टिअरिंग बॉक्सजवळ चॅसीला एक बारीक चीर गेलेली त्याला दिसली. ती त्याने वेल्डिंगने भरली, घासली आणि वरून रंग दिला.

गिऱ्हाईक आले. भला माणूस, परदेशी. चटईवर पाठ टेकून गाडीखाली गेला, इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, आणि जवळ उभ्या असलेल्या माझ्या भावाला विचारले, "इंजिन असली?" भाऊ म्हणाला, "असली." सौदा झाला. मालकाने भावाला बक्षिशी दिली. त्या पैशातून त्याने माझ्या मुलाला सायकल घेऊन दिली होती. तो हे सांगत होता तेव्हा ती सायकल आमच्या समोरच भिंतीला टेकून उभी होती.

मी त्या रात्री काही उत्तर देऊ शकलो नाही.

पुढे काही दिवस मी या प्रश्नाभोवती वाचत राहिलो. बी.एड.ला असताना एका प्राध्यापकांनी ग्रीकांच्या जहाजाचे कोडे सांगितले होते. एकेक फळी बदलत सगळे जहाज नवे झाले, तर जहाज तेच का? तेव्हा तो मला रिकाम्या डोक्याचा खेळ वाटला होता. पण 1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयात नेमका हाच खेळ लाखो पौंडांसाठी खेळला गेला. बेंटली कंपनीची एक सहा सिलिंडरची गाडी, ‘ओल्ड नंबर वन’ नावाची. तिने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1932 साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले, तेही सहा सिलिंडरचे. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, वरचा सांगाडाही नवा झाला. 1990 मध्ये ती विकायला निघाली तेव्हा खरेदी करणारी कंपनी म्हणाली, ही ती गाडीच नाही, आम्ही पैसे देणार नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा हिशेब घेतला. 1929 च्या गाडीचे जवळजवळ काहीच उरलेले नाही हे त्यांनी मान्य केले. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही, ती बदलत गेली ते उघडपणे बदलत गेली, तिची जागा दुसऱ्या कुठल्या गाडीने घेतलेली नाही, म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च आहे.

कायद्याचे हिशेब मात्र सगळीकडे सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये फेरफार केलेल्या गाडीचा जुना नंबर कायम ठेवायचा की नाही हे ठरवायला अनेक वर्षे गुण देत असत. मूळच्या चॅसीला 5, इंजिनाला फक्त 1, पास व्हायला 8. आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. तिथे इंजिनाला एक गुण, इथे इंजिन बदलले की नापास. मी मास्तर असल्यामुळे असेल, मला या गुणपत्रिका वाचायला मजा आली. शिवाय ‘मूळ काय’ हा प्रश्न आम्हाला गाड्यांच्याही आधीपासून विचारला जात आहे. उर्दूत शिकवतो, मराठीत लिहितो, घरी तिसरेच बोलतो. तेव्हा न्यायमूर्ती ऑटन यांचा निकाल मला आमच्याही बाजूचा वाटतो. पण ते असो.

बेंटलीचे इंजिन बदललेले, तरी गाडी खरी ठरली. माझ्या भावाच्या लँड क्रूझरचे इंजिन नंबरासकट मूळचे, आणि गाडी खोटी. बेंटलीचे बदल जगाला माहीत होते. इथे बदल रंगाखाली गेला होता.

मदिनेच्या बाजारातली धान्याच्या राशीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात ऐकलेली असते. हुजूर (स.) यांनी राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. वरचे कोरडे धान्यही खरेच होते. त्या माणसाने तोंडाने काही खोटे सांगितलेले नव्हते.

पण भाऊ म्हणत होता, मी विकणारा नाही, मी कामगार. व्हिसा मालकाच्या हातात आहे. हे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, आणि पडवीत बसून त्याला नसीहत देणे मला शोभत नाही. पण फिक्हच्या किताबांत एक रिवायत मिळाली ती जणू त्याच्याचसाठी होती. वासिला बिन असका (रजि.) यांच्या घरून एकाने उंटीण विकत घेतली. तो निघाला तसे वासिला मागून घाईने आले आणि विचारले, ही कशासाठी घेतलीस? तो म्हणाला, हजच्या सफरीसाठी. ते म्हणाले, हिच्या पायाला जखम आहे. विकणारा चिडला, माझा सौदा का मोडतोस? वासिला यांनी हुजूरांचे (स.) म्हणणे सांगितले. ऐब न सांगता विकणे जायज नाही, आणि ज्याला ऐब माहीत आहे त्याने गप्प बसणेही जायज नाही. शाफई इमामांनी यावरूनच म्हटले आहे की मालक नसलेल्या जाणकारावरही सांगण्याची जबाबदारी येते. आम्ही कोकणी शाफईच.

उंटिणीच्या पायाची जखम आणि स्टिअरिंगजवळची चीर यांत मला फरक दिसेना. सफर करणारा माणूस दोन्हीकडे आहे.

हे भावाला सांगण्याआधी मला माझे आठवले. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारले होते, "वर्गात किती मुलं?" मी म्हणालो, "चाळीस." पटावर चाळीसच होती. रोज येणारी पंचवीस-सव्वीस. साहेबांनी चाळीस लिहून घेतले आणि चहा घेतला. मी त्या रात्री शांत झोपलो होतो. भाऊ निदान झोपत नव्हता. मी त्याला आधी ही हकिकत सांगितली, मग वासिला यांची.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सायकल परत नेऊ का?" मी म्हणालो, "सायकलचं नंतर बघू."

ईदनंतर तो परत गेला. गॅरेजच्या जुन्या पावत्यांत त्याला त्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर मिळाला. इंग्रजी मजकूर मी लिहून दिला. स्टिअरिंग बॉक्सजवळची जागा कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला रंग खरवडून दाखवा, तोवर गाडी लांब नेऊ नका, एवढेच त्यात आहे. परवा त्याने तो पाठवला. उत्तर अजून आलेले नाही. मालकाला कळले तर काय होईल, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलेले नाही.