विसाव्याचें ऋण

पुष्कळ लोकांच्या मनांत विसाव्याचें एक चित्र असतें. आयुष्याचीं तीस-चाळीस वर्षें परमुलखांत आपल्या सरकारचा वकील म्हणून घालविलेला, तहांच्या मसुद्यांनीं व दरबारी मेजवान्यांनीं शिणलेला एखादा गृहस्थ नोकरींतून मोकळा होतो व दूरच्या एखाद्या बेटावर जाऊन राहतो. सकाळीं तो रंगांची पेटी घेऊन समुद्राच्या कांठीं बसतो, दुपारीं निजतो, सायंकाळीं शेजाऱ्यांशीं चार गोष्टी बोलतो. त्याचे जुने स्नेही त्याला भेटावयास जातात आणि परत येतांना म्हणतात, "धन्य त्याची! आम्ही मात्र अजून घाण्याला जुंपलेलेच आहोंत."

ह्या उद्गारांत हेवा असतो, आणि त्या हेव्याच्या पोटीं एक प्रश्नही असतो. ज्याच्या अंगीं अजून कांहीं शक्ति आहे, ज्याच्यापाशीं अनुभवाचा मोठा सांठा आहे, अशा मनुष्यानें जगाचीं भांडणें जगावर टाकून झाडें व ढग रंगवीत बसावें काय? वाचकहो, हा प्रश्न मोठ्या हुद्देदारांचा आहे, आपला नव्हे, असें समजूं नका. ज्याचें शेत मुलाच्या हातीं गेलें तो शेतकरी, ज्याची शाळा सुटली तो मास्तर, जिच्या कमरेच्या किल्ल्या सुनेच्या कमरेला गेल्या ती सासू, ह्या सर्वांपुढें तो एके दिवशीं येऊन उभा राहतो.

त्याचीं दोन सोपीं उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हातपाय हालत आहेत तोंवर काम केलें पाहिजे; विसावा हें आळसाचेंच सभ्य नांव आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्यानें जन्मभर कष्ट केले त्यानें विसावा कमावला आहे. त्याचा जाब विचारणारे तुम्ही कोण? दोन्हीं उत्तरांत एक उणेपणा आहे. दोन्हीं त्या एका मनुष्याकडेच पाहतात. त्याच्या आजूबाजूस कोण काम करीत आहे, इकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. म्हणून केवळ तर्क लढविण्यापेक्षां ज्यांनीं असा विसावा खरोखर घेतला त्यांच्या दारीं मनानें जाऊन पाहणें बरें.

पहिलें दार पीटर पॉल रूबेन्स ह्याचें. हा १५७७ सालीं जन्मला व अँटवर्प शहरीं राहून युरोपांतील अग्रगण्य चित्रकार झाला. परंतु तो नुसता चित्रकार नव्हता. त्याचा प्रांत त्या काळीं स्पेनच्या राजाच्या सत्तेखालीं होता, आणि तेथील कारभार राजाची आत्या इझाबेला पाहत असे. राजेरजवाड्यांचीं चित्रें काढण्याच्या निमित्तानें रूबेन्सला दरबारीं मोकळा प्रवेश मिळे, म्हणून इझाबेलेनें त्याजकडे गुप्त बोलणीं सोंपविलीं. एका चित्रकारानें राजाचा वकील व्हावें हें स्पेनच्या राजाला प्रथम कमीपणाचें वाटलें होतें. पण काम करून दाखविल्यावर त्याची नापसंती मावळली. १६२८ सालीं रूबेन्स माद्रिदला गेला आणि पुढच्या वर्षीं तेथून लंडनला. स्पेन व इंग्लंड ह्यांच्यामध्यें १६२५ सालापासून युद्ध चाललें होतें. रूबेन्सनें उभयपक्षीं मनें वळविलीं आणि १६३० च्या नोव्हेंबरांत दोन्हीं राज्यांचा तह झाला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्यानें त्याला सरदारकी दिली.

ह्यापुढें त्याला हव्या तितक्या मोहिमा मिळाल्या असत्या. परंतु आणखी कांहीं खटपटींनंतर त्यानें इझाबेलेकडे, मला आतां ह्या कामांतून मुक्त करा, अशी याचना केली. १६३५ सालीं त्यानें ब्रसेल्स व मेखेलेन ह्या शहरांच्या दरम्यान एलेवाइट गांवीं 'स्टेन' नांवाची गढी व तिच्या भोंवतालची जमीन विकत घेतली. बेट समुद्रांत असतें. हें बेट शेतांच्या व ओढ्यांच्या मध्यें होतें, इतकाच काय तो फरक. वयाची साठी जवळ आली होती, संधिवातानें हात दुखत होते, आणि आतां तो कोणाच्या मागणीवरून नव्हे, तर स्वतःच्या आनंदासाठीं शेतें, आकाश व झाडें रंगवूं लागला. त्यांतील कित्येक चित्रें त्याच्या मरणापर्यंत त्याच्या घरींच राहिलीं.

ह्या चित्रांपैकीं एक मोठें चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. तें सुमारें साडेसात फूट रुंद आहे. शरद ऋतूंतील सकाळ आहे. उजव्या बाजूस सूर्य नुकताच वर येत आहे, आणि डाव्या बाजूस झाडांच्या आड स्टेनची गढी उभी आहे. आतां पाहणारानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गढीपुढें धन्याच्या घरचीं माणसें आहेत, पण तीं अगदीं लहान, सहज नजरेंतून सुटतील अशीं आहेत. त्यांच्याहून कितीतरी ठळक अशी एक गाडी पुढच्या बाजूस रस्त्यावरून चालली आहे; एक पुरुष व एक स्त्री बाजाराला निघालीं आहेत. पलीकडे कुरणांत गाई आहेत व त्यांचें दूध काढणारीं माणसें आहेत. विसावा घेणाऱ्या धन्यानें आपल्या गढीचें चित्र काढलें आणि त्यांत स्वतःच्या घराहून गाडीवानाला पुढची जागा दिली. आपल्या आधीं कोण उठलें आहे, हें त्यानें पाहिलें होतें.

आणखी एक गोष्ट. ज्या वर्षीं त्यानें गढी घेतली त्याच वर्षीं फ्रान्सनें स्पेनविरुद्ध युद्ध पुकारलें. सबंध युरोपभर तर १६१८ सालापासूनच आग पेटलेली होती. इतक्या खटपटीनें घडवून आणलेली शांतता केवढी अपुरी होती, हें ह्या निवृत्त वकिलाला त्याच्या कुरणांतूनही दिसत होतें. १६३८ च्या सुमारास त्यानें एक चित्र पूर्ण केलें. तें आज फ्लॉरेन्स शहरांतील पित्ती राजवाड्यांत आहे. त्यांत रणदेव मार्स तलवार उपसून धांवत सुटला आहे. त्याच्या पायांखालीं पुस्तकें तुडविलीं जात आहेत. लेंकराला छातीशीं धरलेली आई खालीं पडली आहे. आणि मागें काळीं वस्त्रें ल्यालेली, दोन्हीं हात वर करून आक्रोश करणारी एक स्त्री आहे. ती स्त्री म्हणजे युरोप. १६४० सालीं रूबेन्स मरण पावला. तें युद्ध त्यानंतर आठ वर्षांनीं, १६४८ सालीं, संपलें. त्याच्या चित्रानें एकही तोफ थांबली नाहीं, हें खरें. परंतु ज्या दुःखाचा कारभार त्याच्या हातून सुटला होता, त्या दुःखाकडे त्यानें पाठ फिरविली नव्हती, हेंही तितकेंच खरें आहे.

आतां दुसऱ्या दारीं जाऊं. हें बेट खरोखरीचें आहे. इटलीच्या किनाऱ्याजवळ, नेपल्सच्या उपसागराच्या तोंडाशीं काप्री नांवाचें डोंगराळ बेट आहे. इ. स. २६ मध्यें रोमचा सम्राट टायबेरियस राजधानी सोडून दक्षिणेकडे निघाला व पुढें ह्या बेटावर राहूं लागला. त्या वेळीं त्याचें वय साठीच्या पुष्कळ पुढें गेलें होतें. पूर्ववयांत त्यानें मोठ्या मोहिमा केल्या होत्या. तो थकला असल्यास नवल नव्हे. पण त्यानें राजधानी सोडली, राजदंड सोडला नाहीं. रोममधील सत्ता प्रत्यक्षांत त्याच्या शरीररक्षकांचा नायक सेजानस ह्याच्या हातीं गेली. राजद्रोहाच्या आरोपांखालीं मोठमोठीं कुटुंबें धुळीस मिळालीं. शेवटीं सम्राटाला सेजानसचाच संशय आला, आणि इ. स. ३१ मध्यें बेटावरून आलेल्या एका पत्रानें सेजानसचा अंत झाला. त्याच्यामागून त्याच्या स्नेह्यांचा व लेंकरांचाही. टायबेरियस इ. स. ३७ मध्यें मरण पावला. तोंपर्यंत त्यानें रोम शहरांत पुन्हां पाऊल ठेविलें नाहीं. त्या बेटावरील त्याच्या वर्तनाविषयीं जुन्या ग्रंथकारांनीं ज्या ओंगळ गोष्टी लिहिल्या आहेत त्या बाजूस ठेविल्या, तरी एक दोष उरतोच. त्यानें भार खालीं ठेविला, पण अधिकार हातीं ठेविला. ज्या घरांत म्हातारा कारभार सोडल्याचें सांगतो, पण पैशाची पेटी उशाखालीं घेऊन निजतो, त्या घरांत काप्री बेट ओळखीचें वाटेल.

तिसरें दारही बेटावरचें आहे, पण तेथला पाहुणा फार दिवस राहिला नाहीं. इंग्लंडचा मुत्सद्दी विन्स्टन चर्चिल ह्याचें नौदलमंत्र्याचें पद १९१५ सालीं गेलें, आणि त्या खिन्नतेंत, चाळीस वर्षांचा असतांना, त्यानें प्रथम कुंचला हातीं घेतला. पुढें जन्मभर तो छंद त्यानें सोडला नाहीं. १९५० च्या जानेवारींत, विरोधी पक्षाचा पुढारी असतांना, तो अटलांटिक महासागरांतील मदैरा बेटावर विश्रांतीसाठीं गेला. तेथें कामरा दे लोबुश नांवाच्या कोळ्यांच्या बंदरासमोर बसून त्यानें चित्र काढण्यास आरंभ केला. इतक्यांत मायदेशीं निवडणूक जाहीर झाली, आणि तो बेत आटोपता घेऊन विमानानें परत गेला. त्याच्या राजकारणाविषयीं, विशेषतः हिंदुस्थानसंबंधीं त्याच्या मतांविषयीं, आम्हांला येथें बोलावयाचें नाहीं; त्यांत स्तुति करण्याजोगें थोडेंच सांपडेल. परंतु विसावा घेत असतांनाही हांक ऐकूं येईल इतका कान त्यानें उघडा ठेविला होता, इतकें कबूल केलें पाहिजे.

पण त्या बंदरासमोर आपण थोडें थांबूं. ज्या नावा चित्रांत इतक्या शोभिवंत दिसतात त्या कशासाठीं आहेत? त्या बंदरांतील कोळी 'एस्पादा' नांवाची काळी, लांबट मासळी धरतात. ती समुद्राच्या अत्यंत खोल भागांत राहते. म्हणून त्यांना रात्रीं दूर जाऊन शेंकडों वांव लांबीच्या दोरांना गळ लावून ते खालीं सोडावे लागतात. पाहुण्याच्या डोळ्यांना सकाळीं जी संथ, रंगीत नाव दिसते ती रात्रभर जागून आलेली असते. बेटावरील जीवन संथ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ही संथता कोणाची, हें विचारावयास आपण विसरतों. ती पाहुण्याची आहे. त्याचें वेतन घरबसल्या येतें म्हणून ती त्याला मिळाली आहे. कोळ्याला भरतीची वेळ चुकवितां येत नाहीं, वारा पडेपर्यंत कर्ज थांबत नाहीं, आणि म्हातारपणीं त्याच्यासाठीं गढी विकत घेतलेली नसते.

येथें ह्या प्रश्नाची खरी गांठ आहे. विसावा पाप आहे काय? मुळींच नाहीं, थकलेल्या बैलालाही आपण झाडाखालीं सोडतों. विसावा निव्वळ स्वकष्टाची मिळकत आहे काय? तेंही पूर्ण खरें नाहीं. कारण त्याच्या इतकेच किंवा अधिक कष्ट करणाऱ्या असंख्य माणसांना तो मिळत नाहीं. रूबेन्सच्या गाडीवानानें त्याच्याहून कमी श्रम केले असें कोण म्हणेल? म्हणून ज्याला विसावा मिळाला त्याच्या शिरावर एक ऋण येतें, आणि ज्यांना तो मिळाला नाहीं ते त्याचे सावकार होतात.

हें ऋण फेडावयाचें कसें? प्रथम टायबेरियसची चूक टाळून: जो भार दुसऱ्याला दिला त्याबरोबर अधिकारही मनापासून द्यावा. मुलानें पेरणी आपल्या मतानें केली तर बांधावर बसून त्याला टोंचूं नये. त्यानंतर मोकळ्या झालेल्या वेळाचा कांहीं भाग, ज्यांना वेळ नाहीं अशांसाठीं खर्चावा. त्याला मोठी विद्वत्ता लागत नाहीं. निवृत्त मास्तर शेजाऱ्याचा कचेरींतील कागद वाचून त्याचा अर्थ सांगूं शकतो. म्हातारी आजी निंदणीला गेलेल्या बाईचें मूल दिवसभर सांभाळूं शकते. दोन भावांचा बांधावरून तंटा लागला तर ज्याला त्या बांधाचा आतां कांहीं लाभ नाहीं असा वृद्धच तो निःपक्षपातानें मिटवूं शकतो. आणि ही वकिली लहान असली तरी माद्रिद व लंडनच्या वकिलीहून निराळ्या जातीची नाहीं. ज्याच्या हातून ह्यांतील कांहींच होत नाहीं, जो अंथरुणाला खिळला आहे, त्यालाही एक गोष्ट उरते: तो येणाराजाणाराचें दुःख मन लावून ऐकूं शकतो. घाईंत असलेल्या माणसाला तेवढीही सवड नसते.

ह्यानें आनंद कमी होतो असें मात्र नाहीं. आकाशाकडे पाहणें, झाडाची सावली पाहणें, ज्याला जमतें त्यानें तीं रंगविणें, हा काळाचा अपव्यय नव्हे. ज्या दृष्टीनें ढगाचा रंग नीट पाहण्याची संवय केली ती दृष्टि शेजाऱ्याचा उतरलेला चेहराही लवकर ओळखूं शकते. पण ती आपोआप ओळखीत नाहीं. तिला तिकडे वळवावें लागतें. रूबेन्सनें गाडीवान पाहिला, कारण त्यानें पाहण्याचें ठरविलें होतें.

म्हणून एखाद्या विसाव्याला गेलेल्या मनुष्यास भेटावयाचा योग आला, तर त्याची बाग किती सुंदर आहे व त्याला झोंप किती गाढ लागते, एवढेंच पाहून परतूं नये. त्याच्या घरीं पाणी कोण आणतें, त्याचें नांव त्याला ठाऊक आहे काय, हें पाहावें. आणि तो समुद्राकांठीं राहत असेल, तर काल रात्रीं गेलेल्या नावांपैकीं कोणाची नाव अजून परत आली नाहीं, हें त्याला विचारावें.