शुद्धतेचे दोन आकडे

जर्मनीतल्या पॅकेजिंग कचऱ्याच्या छाननी कारखान्यात धावत्या पट्ट्यावर इन्फ्रारेड प्रकाश पडतो. परतणाऱ्या प्रकाशावरून यंत्र प्लास्टिकची जात ओळखतं आणि हवेचा झोत बाटली बाजूला उडवतो. काजळीने काळा केलेला डबा मात्र प्रकाश शोषून घेतो. यंत्राला तो दिसतच नाही, म्हणून चांगलं प्लास्टिकही बहुधा भट्टीत जातं.

कारखान्याची पारख दोन आकड्यांनी होते: गठ्ठ्यात योग्य माल किती टक्के, आणि आत आलेल्या योग्य मालापैकी हाती किती लागला. शुद्धतेचा आग्रह वाढवला की चांगल्या बाटल्याही बाहेर फेकल्या जातात.

धर्माच्या नावाने चाललेल्या सोवळ्याने पहिलाच आकडा पाहिला. बाहेर कोण फेकलं गेलं, हा हिशेब महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांनी मागितला. शुद्धतेबद्दल याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

पुण्यात हा प्रश्न आजही जिवंत आहे. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक, बहुतांशी दलित स्त्रिया, घरोघरचा कचरा हाताने निवडतात. दुधाची पिशवी भंगारात विकली जाते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्याला भंगारात सहसा कोणी विचारत नाही. परंपरेने ज्यांचा स्पर्श विटाळ मानला, त्यांच्याच बोटांवर शहराच्या मालाची शुद्धता ठरते. त्यांची मागणी साधी आहे: वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या.