निवड मुलाची, मग आपण काय करायचे?



दहावीचा निकाल लागला की आमच्या ऑफिसची बेल वाजू लागते. पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न येतो, "फादर, आता ह्याला काय घ्यायला सांगू?" विचारणारे वडील असतात किंवा आई. ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत असतो.

आर्ट्स, कॉमर्स की सायन्स, गणित ठेवायचे की जीवशास्त्र, हा वरवर पाहता शाळा-कॉलेजचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी आपण किती बोलावे आणि कुठे थांबावे? ह्या प्रश्नावर आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत, म्हणून आधी ते सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नवे पुरोहित होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले, मानवी स्वातंत्र्यावर पानेच्या पाने लिहून परीक्षा दिलेले. तेव्हाच्या धर्मग्रामातली एक आई मुलाला घेऊन आली. ती पहाटेच्या लोकलने फुले घेऊन दादरला जायची. घरात सातवीच्या पुढे कोणी शिकले नव्हते. मुलाला मार्क चांगले होते. तिने अकरावीचा फॉर्म आमच्यापुढे ठेवला. आम्ही तो मुलाच्या हातात दिला आणि म्हणालो, "बाळा, तुझ्या मनाला विचार. तुला आवडेल ते घे. निर्णय तुझा आहे." दोघे निघून गेली आणि मुलाच्या स्वातंत्र्याचा आपण किती मान राखला, ह्या समाधानात आम्ही जेवायला बसलो.

मुलाने कॉमर्स घेतले. तिथे गणित किंवा एस. पी. असा पर्याय होता. मित्रांनी एस. पी. घेतले म्हणून त्यानेही तेच घेतले. बारावीनंतर त्याला बीएस्सी आयटीला जायचे होते. तिथे बारावीचे गणित मागितले. तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला नव्हता, स्नानसंस्काराचा दाखला न्यायला आला होता. जाता जाता दाराशी थांबून त्याने साधेपणाने विचारले, "फादर, गणित सोडलं की आयटी बंद होतं, हे तुम्हांला ठाऊक होतं का?"

ठाऊक नव्हते. आणि ठाऊक करून घेण्यासाठी आम्ही एक फोनही केला नव्हता.

तेव्हापासून "तुला आवडेल ते घे" ह्या वाक्याची आम्हांला धास्ती वाटते. ज्या घरात काका इंजिनिअर आणि मावशी प्राध्यापिका आहे, त्या घरातल्या मुलाला हे वाक्य ऐकवले तर चालून जाते. त्याच्या मनाला विचारण्याआधी दहा जणांनी त्याच्या कानावर दहा गोष्टी घातलेल्या असतात. फुलवालीच्या मुलाच्या मनाला काय ठाऊक असणार? त्याला माहिती न देता स्वातंत्र्य देणे म्हणजे अंधारात सोडून वर "वाट तुझी तू निवड" म्हणणे. आम्ही त्याला आदर म्हणत होतो. त्यात निम्मा आळस होता.

अर्थात आपल्याकडे दुसरा दोष अधिक आढळतो. निकाल लागण्याच्या आधीच सायन्स ठरलेले असते, क्लासचा ॲडव्हान्स भरलेला असतो. अशा आई-वडिलांना आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांची गोष्ट सांगतो. मोठ्या घराण्यातला हा मुलगा पुढे मोंते कसिनो मठाचा मठाधिपती व्हावा, असे घरच्यांनी ठरवले होते. त्याने भिक्षा मागून जगणाऱ्या डॉमिनिकन संघात प्रवेश केला. तेव्हा, १२४४ साली, त्याच्याच भावांनी त्याला वाटेत धरून आणले आणि सुमारे वर्षभर घरच्या किल्ल्यांत कोंडून ठेवले. घरच्यांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? मुलाचे भले व्हावे, घराण्याचे नाव राहावे, एवढेच. आपल्याकडे कोणी मुलाला कोंडत नाही. पण चार दिवस न बोलता जेवण वाढणे, हाही एक किल्लाच आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक कॅटेकिझममध्ये, २२३० व्या परिच्छेदात, ह्याविषयी स्पष्ट शिकवण आहे. मुले प्रौढ झाली की व्यवसाय आणि जीवनावस्था निवडण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. त्यांनी आई-वडिलांचा सल्ला आपणहून घ्यावा. आई-वडिलांनी दबाव आणू नये. आणि लगेच पुढे असेही म्हटले आहे, की ह्या संयमामुळे शहाणपणाचा सल्ला देणे थांबत नाही. म्हणजे आमच्यासारख्या हात झटकणाऱ्यांनाही तिथे सूट नाही.

मागच्या वर्षी हे सांगितल्यावर एका वडिलांनी आम्हांला बरोबर पकडले. "फादर, कॅटेकिझम प्रौढ मुलांविषयी बोलतो. आमचा पंधराचा आहे. मोबाईल कोणता घ्यायचा तेही त्याला ठरवता येत नाही." मुद्दा खरा आहे. पंधराव्या वर्षी मूल निम्मे आपल्या हातात असते आणि निम्मे सुटलेले असते. आमचे उत्तर असे, की सगळे निर्णय एका वजनाचे नसतात. ज्या निवडीनंतर परत फिरणे कठीण, तिथे मोठ्यांनी आपला शब्द जोर देऊन सांगावा. जिथे चूक सुधारता येते, तिथे मुलाला चुकू द्यावे. पण कोणती निवड कोणत्या प्रकारची, हे कळायला मोठ्यांना आधी माहिती हवी.

आणि ती पुष्कळांना नसते. सायन्समध्ये जीवशास्त्र सोडले तर बीएस्सी नर्सिंगचे दार बंद होते. गणित सोडले तर इंजिनिअरिंगचे कठीण होते. ह्या गोष्टी आधी कळायला हव्यात. उलट पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम किंवा सी. ए. ह्यांना बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय केलेल्यालाही पुढे डिप्लोमाकडे जाता येते. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नये, आमच्याही नाही.

"सगळी दारे उघडी राहावीत म्हणून सायन्स" असा एक युक्तिवाद असतो. तो अगदीच चुकीचा नाही. मात्र दोन वर्षे फिजिक्सच्या पुस्तकापुढे रडत बसलेल्या मुलासाठी बारावीनंतर कोणते दार उघडे राहते? ॲरिस्टॉटलने म्हटले होते, की माणसे विचारविनिमय करतात तो साधनांविषयी. रोगी बरा करायचा की नाही, ह्याची चर्चा वैद्य करत नाही, कसा बरा करायचा ह्याची करतो. आपल्याकडे साधनच साध्य होऊन बसले आहे. "सायन्स कशासाठी?" असे विचारले की घरात शांतता पसरते. (आणि आर्ट्स म्हणजे कमी मार्कांचे, हा समज कोणी पसरवला कोण जाणे. आम्हांला आजही विचारतात, "फादर, तुम्ही फादर झाला नसता तर त्या तत्त्वज्ञानाचं केलं काय असतं?")

संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकात साधना देणाऱ्याला सांगितले आहे, की त्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, साधकाला ह्या किंवा त्या बाजूला झुकवू नये. धर्मगुरूला हे जमेल कदाचित. आई-बापांना कसे जमावे? ते पारड्यातच बसलेले असतात. त्यांच्याकडून आम्ही एवढेच मागू, की आपले वजन लपवू नका.

ह्याचा अर्थ काय ते सांगतो. क्लासची फी लाखाच्या घरात जाते. काही घरांत वाडीचा तुकडा विकण्याची चर्चा होते. वडिलांना ते परवडणारे नसते आणि सांगायची लाज वाटते. मग ते मुलीला म्हणतात, "तुला सायन्स झेपणार नाही." मुलगी ते खरे मानते. पैशाची अडचण झाकण्यासाठी आपण तिच्या बुद्धीविषयी खोटे बोललो आणि ते खोटे ती कदाचित जन्मभर वागवील. त्याऐवजी "बाळ, एवढी फी मला जमणार नाही, आपण दुसरा काय मार्ग निघतो ते पाहू" असे सांगितले तर बापाची मान खाली जाणार नाही. पैसा ही खरी मर्यादा आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ती समजते. तसेच "मला डॉक्टर व्हायचं होतं, ते राहिलं, म्हणून मी तुझ्या मागे लागलोय" हेही सरळ सांगता येते. उघड सांगितलेली इच्छा मुलाला नाकारता येते. "तुझ्याच भल्यासाठी" असे कागदात गुंडाळून दिलेली इच्छा नाकारणे कठीण.

तालंतांच्या दाखल्यावर (मत्तय २५) आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, आम्हीही दिली आहेत. बहुधा ती मुलांना अभ्यासाला जुंपण्यासाठीच असतात. पण ज्याने आपला तालंत जमिनीत पुरला, त्याने काय कारण सांगितले ते पुन्हा वाचून पाहा. त्याला भीती वाटली होती. घरच्यांच्या भीतीने सायन्स घेणारा मुलगा आणि मित्र सुटतील ह्या भीतीने कॉमर्स घेणारा मुलगा, दोघेही जमीनच खणत असतात.

सल्ला हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक आहे, हे आपली मुले दृढीकरणाच्या तयारीत पाठ करतात. ते दान एकट्या फादरला मिळालेले नाही, हे आम्हांला त्या दाराशी थांबलेल्या मुलाने शिकवले. म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आपल्याच धर्मग्रामातली काही माणसे बसणार आहेत. एक परिचारिका, एक आयटीआयचे शिक्षक, बँकेतल्या एक ताई, कॉलेजात शिकवणारे दोघे, आणि नोकरी सोडून पुन्हा वाडी करणारा एक तरुण. माहितीपुस्तिकाही ठेवलेली असेल. दहावी झालेल्यांनी यावे, नववीच्या मुलांनी आले तरी चालेल. आई-वडिलांनीही जरूर यावे. पहिली पंधरा मिनिटे मात्र मुलगा किंवा मुलगी एकटीच बोलेल. तेवढ्या वेळात पालकांसाठी बाहेर मांडवात चहा ठेवला आहे.