अज्ञान कोणाच्या खात्यावर?

कायदा माहीत नव्हता, ही सबब कोर्टात चालत नाही. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करताना पक्षकारांना हे मी येता-जाता ऐकवत आले आहे. १ जुलै २०२४ पासून मात्र ते ऐकवताना जरा संकोच वाटतो.

त्या दिवशी १८६० ची भादंवि गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. बार रूममध्ये ज्याच्या-त्याच्या हातात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता दिसू लागला. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). हे पाठ होतं हो. खरा घोळ ४८२ चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागायचं कलम. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा. ज्युनिअर विचारते, "मॅडम, ४८२ टाकूया?" मी विचारते, "जुनं की नवं?" शिवाय जुनं मेलेलंही नाही. ३० जूनच्या रात्री अकराला डोकं फोडलं तर भादंवि, दोन तासांनी फोडलं तर न्याय संहिता. दोन्ही पुस्तकं कित्येक वर्षं टेबलावर राहणार.

ज्यांचं पोट यावर चालतं ते आम्ही तक्ता बघून बोलणार, आणि मेंढरं राखणाऱ्यानं मात्र मध्यरात्रीपासून सगळं जाणलं असं धरायचं! हे कोणत्या न्यायात बसतं?

नेहमीचं उत्तर असं, की ही सबब ऐकून घेतली तर उद्या जो-तो अज्ञानी होईल. ती झाली व्यवहाराची सोय. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: खून वाईट हे कळायला कलमाचा आकडा लागत नाही. कबूल. पण सगळीच कलमं तशी नाहीत. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची कैद सांगणारं १०६(२) पाहा. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून हे पोटकलम वगळलं गेलं. म्हणजे ते पुस्तकात छापलेलं होतं, पण लागू नव्हतं. हे चालकानं कुठल्या सदसद्विवेकातून ओळखायचं?

अज्ञानाचा हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनाही पडला होता. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड ज्या विषयांना दिला, त्यांत प्रायश्चित्तही आहे. नकळत घडलेल्या पापाला तिथे हलकं प्रायश्चित्त. आपल्या न्याय संहितेचं कलम १४सुद्धा वस्तुस्थितीबद्दलची चूक माफ करतं, कायद्याबद्दलची करत नाही. पण शास्त्रकार आणखी एक पाऊल पुढे गेले. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात म्हटलंय, की धर्म न जाणणाऱ्या मूर्खांनी एखाद्याला धर्म सांगितला, तर त्याचं पाप शंभरपट होऊन सांगणाऱ्यांच्या मागे लागतं. मनूची आणि माझी बाई म्हणून बरीच भांडणं आहेत. इथे मात्र त्यानं नेमकं बोट ठेवलंय. अडाण्याचं अज्ञान माफ होत नसेल, तर ते कोणाच्या तरी खात्यावर पडायला हवं. ते पडतं, ज्याला त्यानं विचारलं त्याच्या.

आमच्या धंद्यात मात्र हे खातं कोणी उघडतच नाही. सनद मिळाली, बार कौन्सिलची परीक्षा एकदा दिली, की पुढे जन्मभर कोणी विचारत नाही. कार्यशाळा होतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, आणि विषयाला हात घालेपर्यंत जेवणाची वेळ.

मग काय होतं? समजा, एका शेतकऱ्याला धमकीचा फोन येतो. तो रेकॉर्ड होतो. पुतण्या ते पेन ड्राइव्हवर उतरवून देतो, वकील ते फाइलला लावतात. अशा नकलेसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयानं जालन्याच्या निवडणूक वादात २०२० सालीच पक्कं केलं. आता त्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र दोन भागांत लागतं: एक देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा. तालुक्याला तज्ज्ञ आणायचा कुठून, हा वेगळाच वैताग. पण निदान मूळ फोन विकू नका, त्यातलं काही पुसू नका, एवढं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. वकिलांनी नवं कलम उघडलेलंच नसतं. मधल्या काळात फोन बदलला जातो.

उलटतपासात रेकॉर्डिंगचा निकाल लागतो. शेतकऱ्याला कोणी सांगत नाही की पुरावा कशामुळे गेला. त्याचं सगळं खरं होतं, एवढंच त्याला ठाऊक. "ग्रह फिरले," तो बायकोला म्हणतो. वकीलसाहेब त्याला अपिलाचा खर्च सांगतात.