दोन मैदानं आणि भरतीची तारीख

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. रात्री दंडार रंगते, नाटकाचा पडदा उघडतो. थंडी वाढते, चुरणी उरकते, आणि मग कबड्डीचे दिवस येतात. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेषा आखल्या जातात, दिव्यांच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत सामने चालतात. तिरोडा, आमगाव, सडक अर्जुनी, देवरी, कुठल्याही तालुक्यात अशी मुलं भेटतात, की जी सकाळी महाविद्यालयाच्या संघातून खो-खो खेळतात आणि रात्री गावच्या मंडळाकडून चढाई करतात. दोन्हीत चांगली असतात. सतरा-अठराव्या वर्षी त्यांच्यापुढे एक प्रश्न येतो: यातला कोणता खेळ धरायचा? घरचे मात्र तिसरंच काहीतरी विचारत असतात. पोलीस भरती कधी निघणार?

जगात हाच प्रश्न ज्याच्यापुढे अगदी लख्ख स्वरूपात आला, असा एक खेळाडू अमेरिकेत आहे. जेफ समार्जिया हा इंडियाना राज्यातला मुलगा नोत्र दाम विद्यापीठाकडून अमेरिकी फुटबॉल खेळायचा. त्या खेळात रिसीव्हरचं काम असतं बचाव करणाऱ्यांना चुकवून पळत जाण्याचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलण्याचं. 2005 च्या हंगामात त्याने 77 चेंडू झेलले, 2006 मध्ये 78. व्यावसायिक फुटबॉलचे संघ त्याला पहिल्या फेरीत उचलतील असं बोललं जात होतं. पण हाच मुलगा बेसबॉलमध्ये चेंडू फेकायचाही, आणि वेगाने फेकायचा. 2006 च्या जूनमध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्याला पाचव्या फेरीत निवडलं. त्या उन्हाळ्यात तो बेसबॉलच्या कनिष्ठ संघांतून पगारी खेळाडू म्हणून खेळला आणि उन्हाळा सरताच विद्यापीठात परतून पुन्हा फुटबॉल खेळू लागला. एका खेळात व्यावसायिक झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या खेळात हौशी राहण्याची मुभा तिथल्या विद्यापीठीय नियमांत आहे. म्हणून निवड पुढे ढकलता आली. दोन्ही खेळांत आपण कुठवर जाऊ शकतो हे त्याला नीट पाहता आलं.

जानेवारी 2007 मध्ये त्याने बेसबॉल घेतला. कब्जने त्याच्याशी 5 वर्षांचा 1 कोटी डॉलरचा करार केला. फुटबॉल सोडल्याची हळहळ अनेकांना वाटली, पण हिशेब पक्का होता. अमेरिकी फुटबॉलमधली सरासरी कारकीर्द खेळाडूंची संघटना जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची धरते, आणि त्या खेळातल्या करारांची सगळी रक्कम सहसा हमीची नसते. गुडघा गेला की करारही जाऊ शकतो. बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये एकदा सही झाली की दुखापत झाली तरी पैसे मिळतात. समार्जिया 2008 ते 2020 असे 13 हंगाम खेळला, आणि डिसेंबर 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला 5 वर्षांसाठी 9 कोटी डॉलर देऊ केले. तो बेसबॉलच्या महान खेळाडूंत गणला जात नाही. त्याची निवड मोठी ठरली ती यामुळेच: मधल्या दर्जाच्या खेळाडूलाही जो खेळ नीट जगवतो, तो त्याने धरला होता.

दोन खेळांची तुलना करताना आपल्याकडे नेहमी शिखराकडे पाहिलं जातं. कबड्डीत कोण कोट्यधीश झाला, क्रिकेटमध्ये कोणाला किती बोली लागली. ज्याला खरोखर निवड करायची आहे त्याने त्या खेळातल्या चाळिसाव्या, शंभराव्या खेळाडूचं काय होतं ते पाहावं. बहुतेकांची जागा तिथेच कुठेतरी असणार आहे.

भारतात पैशाआधीच्या काळातही ही कोंडी होती. मद्रासचा एम. जे. गोपालन क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज आणि हॉकीतही पहिल्या दर्जाचा. 1935 मध्ये ध्यानचंद यांच्या संघातून तो न्यूझीलंडला जाऊन आला होता. 1936 मध्ये एकीकडे बर्लिन ऑलिम्पिकच्या हॉकी संघाची निवड आणि दुसरीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, दोन्ही एकाच वेळी आले. त्याने क्रिकेट निवडलं. त्या दौऱ्यात त्याला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. 15 ऑगस्ट 1936 ला भारताने जर्मनीला 8-1 ने हरवून सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा तो त्या संघात नव्हता. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विदर्भातल्या मुलांचा खेळ जगापुढे गेला तो असा, आणि त्यानंतर कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला 1990 साल उजाडावं लागलं.

गोपालनची गोष्ट चुकलेल्या निवडीचं उदाहरण म्हणून सांगतात. ते अन्यायाचं आहे. त्याच्या हाती दोन निमंत्रणं होती आणि पुढचं कोणालाच दिसत नव्हतं.

नंदू नाटेकरांची निवड यापेक्षा वेगळी, आणि मराठी वाचकाला अधिक जवळची. 1933 मध्ये सांगलीत जन्मलेला हा मुलगा आधी टेनिस खेळायचा, आणि चांगलं खेळायचा. 1951-52 मध्ये राष्ट्रीय ज्युनियर टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडे वळला. 1953 मध्ये, विसाव्या वर्षी, तो बॅडमिंटनचा राष्ट्रीय विजेता होता. 1954 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, 1956 मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद, भारतीय बॅडमिंटनपटूने जिंकलेलं पहिलं. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. ज्याच्याकडून ते हरले तो कृष्णन पुढे 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. म्हणजे तो पराभव भारतातल्या सर्वोत्तम टेनिसपटूकडून झालेला होता, आणि त्याचं मोल तरुण नंदूने बरोबर ओळखलं. मुलगा गौरव नाटेकर टेनिसमध्येच गेला आणि 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला.

या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. खेळ बदलायची किंवा निवडायची वेळ आली तेव्हा दोन्ही खेळांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडे होते. गोंदियातल्या मुलाला दोन खेळ येतात, पण दरवाजे किती उघडे असतात?

कबड्डीचा दरवाजा 26 जुलै 2014 ला उघडला. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, किंमत 12 लाख 80 हजार. 2019 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख दिले. पुढच्या काळात खांद्याच्या दुखापतीने त्याचे हंगाम खाल्ले, हेही त्याच गोष्टीत आहे. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने लीग जिंकली तेव्हा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हे शिखर झालं. खाली पाहिलं तर अकराव्या हंगामाच्या लिलावात अगदी शेवटच्या श्रेणीची पायाभूत किंमत होती 9 लाख. दोन-तीन महिन्यांच्या खेळाला हा पैसा गोंदियातल्या कुठल्याही शेतकरी घरासाठी मोठाच आहे, फक्त तो बोली लागली तर मिळतो. लिलावाच्या यादीत नाव असलेल्या अनेकांना कोणीच घेत नाही.

खो-खोची लीग आली 2022 मध्ये, पुण्याच्या बालेवाडीत. सहा संघ, मॅटवरचा खेळ, सातच खेळाडू, आणि कुठल्याही दिशेने धावू शकणारा वझीर. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाजना 46-45 असं एका गुणाने हरवलं. दुसरा हंगाम कटकला झाला, जानेवारी 2024 मध्ये संपला, आणि त्यानंतरचं सबंध वर्ष लीगशिवाय गेलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, आणि दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. खेळ म्हणून खो-खो आज महाराष्ट्राच्या हातात आहे. रोजगार म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण दरवर्षी ठरल्या महिन्यात येणारा हंगामच त्याला नाही.

यात विदर्भाची एक खास गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. कबड्डी आणि खो-खो, दोन्ही महासंघांच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. शालेय स्पर्धेत मात्र गोंदियाचा मुलगा नागपूर विभागातून महाराष्ट्राच्या संघासाठी झगडतो, आणि तिथे त्याची गाठ कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या मुलांशी पडते. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सरळ कोल्हापूरपर्यंत जाते, दिवसाहून जास्त वेळ घेत. रुळांच्या त्या टोकाला तालमी आहेत, मंडळांची जुनी स्पर्धा आहे, मार्गदर्शक आहेत. या टोकाला मुलं आहेत. वेगळ्या संघामुळे राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण चढाई धारदार होते ती तगड्या पकडीसमोर, आणि ती पकड शोधायला या मुलांना घर सोडावं लागतं.

आणि ते प्रमाणपत्र मिळवायचं कशासाठी, तर नोकरीसाठी. महाराष्ट्राच्या सरकारी सेवेत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वेचा खेळाडू कोटा आहे, आणि गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन असल्याने रेल्वेची नोकरी इथे घराघरात माहीत असते. याच मार्गावर खरगपूरला महेंद्रसिंह धोनी तिकीट तपासनीस होता, शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक असलेला. त्यामुळे खेळ निवडताना इथला मुलगा मनात एक वेगळंच कोष्टक मांडतो: कोणत्या खेळात प्रमाणपत्र लवकर मिळेल, कोणतं ग्राह्य धरलं जाईल, आणि 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं, गोळाफेक यांचा सराव कोणत्या खेळाबरोबर जमेल. हा हिशेब हलका नाही. जोवर जखमी झालेल्या कबड्डीपटूला पुढचं वर्ष कोणी सांभाळत नाही, तोवर नोकरी हीच त्याची हमी, समार्जियाला करारातून मिळाली तशी.

नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या उमेश यादवचं उदाहरण या भागात सगळ्यांना पाठ आहे. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत थोडक्यात हुकला. टेनिस बॉलवर क्रिकेट खेळणाऱ्या या मुलाच्या हाती लेदर बॉल विशीच्या उंबरठ्यावर आला. 2008 मध्ये तो विदर्भाकडून उतरला आणि 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. त्याची गुणवत्ता भरतीच्या आधीही होतीच. नागपुरात विदर्भ क्रिकेट संघटना होती, कोणीतरी त्याला तिथे नेलं, म्हणून ती दिसली. गोंदियातल्या चढाईपटूला असं नेणारं कोण?

फुटबॉलचा विषय इथे काढायलाच हवा, कारण भारतीय फुटबॉलचा कारभार बारा-तेरा वर्षं गोंदियाच्या माणसाकडे होता. प्रफुल्ल पटेल 2009 ते 2022 अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते; 2019 मध्ये फिफाच्या कौन्सिलवर निवडून आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्याच काळात 2010 मध्ये महासंघाने 15 वर्षांचा 700 कोटींचा व्यावसायिक करार केला, 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात आला. त्या कराराची मुदत संपत आली तेव्हा, जुलै 2025 मध्ये, पुढचा हंगामच थांबवल्याची घोषणा झाली. वर्षानुवर्षं पगारावर खेळणारे फुटबॉलपटू घरी बसले. एवढ्या पैशाच्या लीगची ही स्थिती, तर कबड्डी किंवा खो-खो धरणाऱ्या मुलाने केवळ लीगच्या भरवशावर शिक्षण सोडू नये, हे त्याला त्याच्या मार्गदर्शकाने स्पष्ट सांगायला हवं. आणि निवडीची घाईही करायला लावू नये. समार्जिया शालेय वयात अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तीन खेळ खेळला. चुकवून पळण्याची जी कला खो-खो शिकवतो, ती चढाईत कामाला येते. चौदाव्या वर्षी एका खेळाचा शिक्का मारल्याने मिळतं ते एखादं प्रमाणपत्र, आणि हरवतं ते बरंच काही.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब कोलमडतो. प्रो कबड्डी लीगने महिलांसाठी 2016 मध्ये एकच छोटी स्पर्धा घेतली, तीन संघांची, आणि ती पुन्हा भरली नाही. भारतीय महिला संघाने 2010 आणि 2014 मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं तरी त्यांच्यासाठी पुरुषांच्या तोडीची लीग उभी राहिली नाही. खो-खोत विश्वविजेती कर्णधार महाराष्ट्राची, पण लीगचे दोन्ही हंगाम पुरुषांचे. निवड फळाला आलेली दिसते ती या दोन खेळांबाहेर: साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे वळली, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत धावली आणि पुढे राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी केलं. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावमधल्या मुलीला आज दोन खेळांतला एक निवडायला सांगणं म्हणजे दोन बंद दारांपुढे तिला उभं करणं आहे. तिने दोन्ही खेळावेत, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने, विद्यापीठाने, महासंघांनी तिच्यासाठी निदान एक स्पर्धा अशी सुरू करावी की जी दरवर्षी ठरल्या तारखेला होते आणि जिच्यात खेळणाऱ्या प्रत्येकीला मानधन मिळतं.