दबोरेचा नवरा



मागे एका गावी आजारी माणसांना भेटायला गेलो होतो. ओट्यावर सरपंचबाई भेटल्या. गावच्या पाण्याचे मी विचारले, पण विचारले ते शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पतीला. उत्तर त्यांनीच दिले. बाई चहा ठेवायला आत गेल्या. परतीच्या एसटीत लक्षात आले, की चूक त्या गृहस्थांची तेवढीच माझीही होती.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. खुर्ची कायद्याने दिली, पण शब्दाला मान कायद्याने मिळत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'शक्यता' आणि 'प्रत्यक्ष कृती' यांतला फरक आम्ही घोकला होता. तो मला त्या ओट्यावर कळला.

जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या मनीषा पानपाटील २०२१मध्ये सरपंच झाल्या. त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवरील घरात राहतात, अशी तक्रार काही गावकऱ्यांनी केली. आपण पती-मुलांसह वेगळे, भाड्याच्या घरात राहतो, असे त्या सांगत राहिल्या. तरी पद गेले. उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि एक स्त्री गावाचे निर्णय घेते हेच गावकऱ्यांना पचले नाही, असे नमूद केले. हक्काच्या खुर्चीसाठी बाईने दिल्लीपर्यंत जायचे!

आता बायबलमधील शास्ते या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. दबोरा झाडाखाली बसून इस्राएल लोकांचे न्यायनिवाडे करी. सेनापती बाराक तिच्या बोलावण्यावरून आला आणि तू बरोबर असशील तरच लढाईला जाईन, म्हणाला. विजयाचा मान तुला नाही, एका स्त्रीला मिळेल, असे तिने बजावले, तरी तो गेला. पण मला अधिक जवळचा वाटतो तो तिचा नवरा लप्पीदोथ. या अध्यायात त्याचे नाव एकदाच येते, तेही तिची ओळख सांगताना. न्याय मागायला आलेल्यांना त्याने परस्पर उत्तर दिल्याचे कुठे लिहिलेले नाही. पाहुण्यांसाठी पाणी भरत असेल बिचारा!

आपल्यापैकी कित्येकांची गावे मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडे आहेत. कुणाची भावजय, कुणाची मावशी पंचायतीत असते. ग्रामसभेला गेलात तर प्रश्न तिलाच विचारा, आणि ती शब्द शोधत असेल तर थांबा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती खरोखर भरते की नुसती वहीत, तेही पाहा.

त्या गावी मी पुन्हा जाणार आहे. पाण्याचे या वेळी बाईंनाच विचारीन.

प्रभूमध्ये आपला,
फादर