दामाजीपंतांची पावती

मंगळवेढ्याला दामाजीपंतांच्या देवळात गेलं की ती कथा आठवतेच. दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरहून बोलावणं आलं, आणि विठू महाराच्या रूपात विठोबानं दरबारात धान्याचं मोल भरलं, वर पावतीही घेतली. लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा. आता मन त्या पावतीपाशी अडतं. देवानंसुद्धा देणं माफ करा म्हटलं नाही, ते फेडलं.

ज्यू धर्मशास्त्र नेमकं उलटं सांगतं. दर सातव्या वर्षी, म्हणजे श्मितेच्या वर्षी, जमीन पडीक ठेवायची आणि धनकोनं आपल्या बांधवाचं कर्ज सोडून द्यायचं. हा उपकार नव्हे, त्याचं धर्मकर्तव्य. आणि त्याची वेळ दोघांनाही आधीपासून ठाऊक. पण वेळ ठाऊक असली की सहाव्या वर्षी देणाऱ्याचा हात आखडतो. धर्मग्रंथात त्याबद्दल सक्त ताकीद आहे, तरी हात आखडलेच. मग सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हिल्लेल या धर्मगुरूनं ‘प्रोझबूल’ आणला. धनकोनं आपलं येणं न्यायसभेच्या हवाली करायचं, म्हणजे ते बुडत नाही. याला कुणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही. पेरणीच्या तोंडाला ज्याला कुणी दारात उभं करत नाही, त्याला माफीचा काय उपयोग?

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ती एका माणसाची श्मिता होती. तिचा कायदा होत नाही.

कायदा झाला तो आगीनंतर. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांकडून खतं आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. कागद हाती आला की सावकाराच्या अंगाला सहसा हात लागत नव्हता. राग कागदावर होता. निरक्षर माणसानं अंगठा उठवायचा आणि वर काय लिहिलंय ते सावकारानंच सांगायचं, अशी ती खतं. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू झाला. खतावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापासूनचा हिशेब उकरण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत काम केलं. माफीच्या कल्पनेतली ही मला सर्वांत मोठी पायरी वाटते: सोडण्याआधी मुळात किती देणं होतं, ते विचारणं.

सावकारांनी वाट काढलीच. गहाणखताच्या जागी सरळ खरेदीखत करून घ्यायला लागले. कर्जच कागदावर नाही, तर सोडणार काय?

2008, 2017, 2019 च्या कर्जमाफ्या बँकेच्या आणि सोसायटीच्या थकबाकीसाठी होत्या. 2008 ला पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. सांगोला-मंगळवेढ्याच्या जिरायत रानात तेवढ्यावर कुणाचं भागतं? आणि सावकाराकडचं खरेदीखत तर ‘सातबारा कोरा’ या घोषणेच्या बाहेरच राहतं.

त्याच्यासाठी 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. अवैध सावकारीच्या कर्जापोटी जमीन लिहून दिली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झालं तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. त्याला मुदत आहे. घरात असा कागद असेल तर आजच बाहेर काढा आणि अर्ज करा.